चोर घरात शिरला तर कायदा कुणाच्या बाजूनं?

वकीलताई, नमस्कार. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात गावापासून लांब शेतात वस्ती करून राहतो. घरात मी, मालक, सासूबाई आणि दोन मुली. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर रात्री चौघे घुसले. म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं, तिच्या मुलाला कटावणीनं मारलं. तेव्हापासून मालक उशाला कोयता घेऊन झोपतात. आता म्हणतात, तार कंपाउंडला रात्रीचा करंट सोडतो. चुलत सासरे म्हणतात, चोर आपल्या घरात मेला तर काही होत नाही, कायदाच तसा आहे. माझा भाऊ म्हणतो, चोराला नखभर लागलं तरी आपल्यालाच आत टाकतात, त्यापेक्षा मागतील ते देऊन टाकावं. मावसभाऊ टेक्सासला असतो, तो म्हणतो बंदुकीचं लायसन काढा. यातलं खरं काय? चोराची जेवढी भीती वाटते तेवढीच मालकांच्या हातून काही होऊन बसेल याचीही वाटते.
– एक वाचक भगिनी

ताई, सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण एक गोष्ट आजच्या आज व्हायला हवी म्हणून ती आधी. तारेत करंट सोडू देऊ नका. यजमानांनी वायर ओढून ठेवली असेल तर ती काढायला लावा. रात्र असो, दिवस असो, आलेला माणूस चोर असो की दरोडेखोर, या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १९६३ सालीच निकाली काढला आहे. खटला बिहारमधला, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली माणसं ग्रेगरीच्या संडासात जायला लागली. त्यानं हरकत घेतली, कुणी ऐकेना. मग त्यानं संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावली आणि तिच्यात घरातल्या लाइनचा करंट सोडला. शेजारची बाई आत जाताना कशीबशी वाचली, बाहेर येताना मात्र तिचा हात तारेला लागला आणि ती गेली. ग्रेगरीचं म्हणणं होतं, ती परवानगी नसताना माझ्या जागेत आली होती आणि मालमत्ता राखायचा मला हक्क आहे. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. दुसऱ्याच्या जागेत शिरला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणातून बाद होत नाही, आणि त्याच्यासाठी जिवावर बेतणारा सापळा लावून ठेवणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे, असं म्हणून शिक्षा कायम केली.

यामागचं कारण यजमानांना नीट समजावून सांगा. हात उचलायचा तो समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, तो पुढे येतोय की मागे फिरतोय हे बघून. तारेला यातलं काहीच कळत नाही. पहाटे मोटर चालू करायला निघालेले यजमान स्वतः, रात्री बाहेर जायला उठलेल्या सासूबाई, चेंडूमागे पळणारी मुलगी, अंधारात उसाच्या फडाकडे निघालेली तोडीची टोळी, कुणाचाही हात तिला लागू शकतो. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटनं माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचत असाल. असा मृत्यू झाला की परिस्थिती पाहून भारतीय न्याय संहितेतलं, निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम १०६ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. नाहीतर थेट सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे खुनाच्या खालोखालच्या गुन्ह्याचं, १०५ लागतं. जनावरांसाठी बॅटरीवर चालणारं झटका मशीन मिळतं, ते वेगळं. त्याचा झटका क्षणभराचा असतो. ते लावायचं तर लावा, पाटी लावून. पण त्याच्या नावाखाली मीटरमधून वायर ओढायची नाही.

आता कायद्याचं. चुलत सासरे अर्धं बरोबर सांगतात, आणि भाऊही अर्धंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच कलमं ९६ ते १०६ होती, आणि मजकूर जवळपास तोच आहे. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली दंड संहितेचा पहिला मसुदा केला, तेव्हा टिपणीत लिहून ठेवलं होतं की इथली माणसं अन्यायापुढे फार लवकर मान तुकवतात, त्यामुळे या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराचं बळ यावं असा आमचा हेतू आहे. साहेबाचा आपल्याबद्दलचा तो समज मला पटत नाही. पण त्यातून आलेला हक्क चांगला ऐसपैस आहे, आणि तुमच्या भावासारखी घाबरलेली माणसं तो माहीत नसल्यामुळे आधीच हरून बसतात.

हा हक्क स्वतःच्या शरीराचा आहे तसा दुसऱ्याच्या शरीराचाही आहे. सासूबाईंवर, मुलींवर, शेजारणीवर हल्ला झाला तरी तुम्हाला तो वापरता येतो. हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही, असे प्रसंग कलम ३८ मध्ये मोजून दिलेत: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या उद्देशानं हल्ला, पळवून नेण्यासाठी हल्ला, पोलिसांकडे दाद मागता येणार नाही अशा रीतीनं डांबून ठेवण्यासाठी हल्ला, आणि २०१३ मध्ये भर पडलेला ॲसिडचा हल्ला. मालमत्तेसाठीची यादी कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं वा स्फोटकानं उडवणं, आणि जिवाला किंवा अंगाला मोठा धोका वाटावा अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी. या गुन्ह्यांचा नुसता प्रयत्न असला तरी हक्क लागू होतो.

या दोन्ही याद्यांना कलम ३७ ची मर्यादा आहे. बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला खरोखर वेळ असेल तर ती घ्यायची. परवा रात्री अमुक येणार आहेत हे आधी कळलं, तर कोयत्याला धार लावून वाट बघत बसायचं नाही, ठाण्यात जायचं. पण रात्री दोन वाजता कडी उचकटली जात असताना दूरच्या ठाण्यातून गाडी येईपर्यंत थांबा असं कुठलंही न्यायालय तुम्हाला सांगणार नाही.

कलमं वाचून डोक्यात चित्र उभं राहत नाही, म्हणून तुमच्याच घराचं उदाहरण घेते.

रात्री कुत्रं जोरात भुंकायला लागलं. खिडकीतून पाहिलं तर गोठ्याकडे कुणीतरी उभं आहे. एवढ्यावर कुणाच्याही अंगावर कोयता घेऊन धावायचा हक्क मिळत नाही. बाहेरचे दिवे लावा, आरडाओरडा करा, फोन करा. दार उघडू नका.

समजा ते दोघे विहिरीवरची केबल कापून नेताहेत. ही उघड्यावरची साधी चोरी. त्यांना अडवता येतं, हातातला माल हिसकावून घेता येतो, झटापटीत त्यांना लागलं तरी कलम ४२ तुमच्या बाजूनं आहे. पण केबलसाठी जीव घ्यायची मुभा त्या कलमात नाही. केबल महाग आहे, पीक वाळतं, सगळं खरं. तरी नाही.

समजा कटावणी तुमच्या दाराच्या कोयंड्यात अडकली आणि फळी करकरायला लागली. इथे गोष्ट बदलली. रात्रीची घरफोडी सुरू झाली आणि कलम ४१ चा हक्क त्याच क्षणी सुरू झाला. ते आत येऊन कुणाला तरी मारेपर्यंत वाट बघायला तुम्ही बांधील नाही. घर सोडून मागच्या दारानं पळून जावं अशीही कायद्याची अपेक्षा नाही. मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय: आपल्या ताब्यातल्या जागेत कुणी बळजबरीनं घुसत असेल तर माणसानं आधी पळून जाऊन मग सरकारकडे दाद मागावी असं कायदा म्हणत नाही. घरफोडीसाठी दार तोडलंच पाहिजे असंही नाही. कौलं सरकवून, खिडकीतून, कुलूप उघडून, आतून लावलेली कडी काढून शिरणं हीसुद्धा घरफोडीच. उलट सताड उघड्या दारातून कुणी आत आला तर ती घुसखोरी आहे, घरफोडी नाही, आणि तिथे जिवाला धोका होता का हा प्रश्न वेगळा विचारला जातो. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा रात्री दाराला कडी घाला. सुरक्षेसाठी घालाच, पण कायद्यानंही तिला महत्त्व आहे.

समजा ते आत आले, एकानं सासूबाईंच्या गळ्याला सुरा लावला, दुसरा मुलींच्या खोलीकडे वळला. आता शरीराचा आणि मालमत्तेचा असे दोन्ही हक्क पूर्ण आहेत. यजमानांनी हातात येईल ते घेऊन वार केला आणि समोरचा मेला तर तो गुन्हा नाही. तो वार दोन इंच कमी खोल करता आला असता का, डोक्याऐवजी हातावर घालता आला असता का, असा हिशेब न्यायालयं करत नाहीत. जिवावर बेतलेल्या माणसानं तराजू घेऊन प्रतिकार मोजावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. चुलत सासरे म्हणतात ते इथपर्यंत खरं.

आणि समजा, एकाला लागल्यावर बाकीचे पळाले. जखमी झालेलाही लंगडत अंगणातून बांधाकडे निघाला. इथे थांबायचं. घरफोडीविरुद्धचा हक्क घरातली घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो, शरीराचा हक्क धोका असेपर्यंत. चोर ऐवज घेऊन पळत असेल तर तो परत मिळवण्यासाठी पाठलाग करता येतो, अडवता येतं, हिसकावता येतं. पण पळणाऱ्याच्या पाठीत कोयता घातला, पडलेल्याच्या डोक्यात दगड घातला, बांधून ठेवलेल्याला सगळ्या वस्तीनं मिळून मारलं, तर तो सूड ठरतो, आणि सुडाला या कलमांत जागा नाही.

ताई, स्वसंरक्षणाचे बहुतेक खटले याच काही सेकंदांवर ठरतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. आरोपी काय सांगतो यापेक्षा न्यायालय जखमा काय सांगतात ते पाहतं. पोस्टमॉर्टेमच्या अहवालात जखमा किती, कुठे, समोरून की पाठीमागून, हे सगळं असतं. एक-दोन जखमा समोरून, छातीवर किंवा हातावर असतील तर झटापटीची कहाणी जुळते. पाठीवर आणि मानेवर दहा-बारा वार असतील तर ती जुळत नाही. रक्त दाराच्या आत सापडलं की बांधाजवळ, हे पंचनाम्यात येतं. कोयंडा उचकटल्याची खूण, तुटलेली फळी, तिथे टाकून गेलेली कटावणी, यजमानांच्या अंगावरच्या जखमा, सासूबाईंच्या कानाची फाटलेली पाळी, हे तुमच्या बाजूचे साक्षीदार असतात. हक्क होता पण हातून जास्त घडलं, मात्र मनात सूड नव्हता, बचावाच्याच भावनेनं घडलं, असं दिसलं तर खुनाच्या कलम १०१ चा दुसरा अपवाद लागतो. तेव्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. सदोष मनुष्यवधाला शिक्षा कमी, तरी परिस्थितीनुसार १० वर्षांपर्यंत कैद आणि काही प्रसंगी जन्मठेपही होऊ शकते. म्हणजे अंगणातल्या त्या पाच सेकंदांनी मुलींचं सगळं लहानपण बापाशिवाय जाऊ शकतं. यजमानांना हे धाक दाखवायला सांगू नका, शांतपणे सांगा. रागाच्या भरात थांबायचं असतं हे आधीच मनात ठरवलेलं असेल तरच त्या वेळी आठवतं.

चोर हाती लागलाच तर त्याला धरून ठेवता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त ६ तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. तोवर त्याला मारायचं नाही. रक्त येत असेल तर फडकं बांधायचं, पाणी मागितलं तर द्यायचं.

कोयत्याबद्दल. शेतीचं अवजार म्हणून कोयता घरात असणं गुन्हा नाही. पण उशाखाली नको. घरात लहान मुली आहेत, आणि गाढ झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला समोरचा ओळखायला वेळ लागतो. रात्री पाणी प्यायला उठलेली मुलगी अंधारात एक सावलीच दिसते. माझ्या मते दाराशेजारी चांगली लांब काठी आणि झगझगीत बॅटरी हे जास्त कामाचं. काठीनं अंतर राखता येतं आणि डोळ्यांवर पडलेल्या उजेडानं घुसणारा क्षणभर थबकतो. शस्त्र कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येतून फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून लाठीचं नाव घेतलं आहे. तिला कुठलाही परवाना लागत नाही.

बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. आयुक्तालय असलेल्या शहरात तो पोलीस आयुक्त देतात. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो, कारण पटवून द्यावं लागतं, प्रशिक्षण लागतं. शेतवस्तीवर खरा धोका असेल तर अर्ज करायला हरकत नाही. तरी तुम्ही विचारलंय म्हणून स्पष्ट सांगते, मी तुमच्या जागी असते तर केला नसता. घरात बंदूक आहे हे गावात लपत नाही आणि ती चोरण्यासाठीही माणसं येतात. कुलपात ठेवली तर रात्री वेळेवर हातात येत नाही, कुलपाबाहेर ठेवली तर मुलींच्या हाती लागते. आणि बंदूक परवान्याची असली तरी गोळी कधी झाडायची याचे नियम तेच, कोयत्याचे आहेत ते.

मावसभावाचं टेक्सास वेगळं आहे. घरात बळजबरीनं घुसणाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या घरमालकाला तिथला कायदा पुष्कळ संरक्षण देतो, आणि रात्री चोरी करून पळणाऱ्यावरसुद्धा काही परिस्थितीत प्राणघातक बळ वापरायला परवानगी देतो. आपल्याकडे ते चालत नाही. ते इथे असावं असंही मला वाटत नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या शेजारच्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज शहरात, १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. पत्ता चुकला आणि त्यानं भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालकानं पिस्तूल रोखून थांबायला सांगितलं, मुलाला ते नीट कळलं नाही, तो हसत पुढे आला आणि घरमालकानं गोळी झाडली. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. दिवाणी न्यायालयानं पुढे मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलर नुकसानभरपाई द्यायला लावली. त्या रकमेनं त्यांचं काय भरून निघालं असेल?

हे लांबचं वाटत असेल तर आपल्याकडचं सांगते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावानं ठेचून मारलं. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, एवढंच कारण. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. यातल्या कुणीही कुणाचं घर फोडलं नव्हतं. ज्यांनी मारलं त्यांनाही त्या वेळी आपण गाव राखतोय असंच वाटत होतं. कायद्याला रास्त भीती लागते, नुसता संशय पुरत नाही. तुमच्या भागात शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला की दुसऱ्या दिवशी बोट पारध्यांच्या पालाकडे जातं, हे मला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द होऊन १९५२ सालीच त्या विमुक्त झाल्या. गावांच्या मनातून मात्र तो अजून गेलेला नाही. तुमच्या कंपाउंडबाहेर रात्री उभा असलेला माणूस गाडीतलं पेट्रोल संपलेला असू शकतो, वाट चुकलेला असू शकतो. आधी आवाज द्या, बॅटरी मारा, कोण आहे विचारा, आणि दार लावूनच विचारा.

भावाच्या सल्ल्यातला एक भाग मात्र मी उचलून धरते. कायदा प्रतिकाराची मुभा देतो, सक्ती करत नाही. चौघे हत्यारबंद असतील आणि त्यांना फक्त सोनं हवं असेल, तर देऊन टाकण्यात काही कमीपणा नाही. सोनं वस्तीवर ठेवूच नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दाराला आतून लोखंडी आडणा बसवा. अंगणात आणि गोठ्यावर उजेड हवा. आसपासच्या वस्त्यांचा एक व्हॉट्सॲप गट करा आणि रात्री फोन वाजला की सगळ्यांनी दिवे लावून एकदम ओरडायचं, एवढं ठरवून ठेवा. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते, तिच्या क्रमांकावर फोन केला की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. तुमचं गाव जोडलेलं आहे का ते पोलीस पाटलांना विचारा. आणि वस्तीवरच्या सगळ्यांनी सह्या करून रात्रीच्या गस्तीसाठी ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आता भावाची खरी भीती, की आपल्यालाच आत टाकतात. माणूस मेला किंवा जबर जखमी झाला तर गुन्हा नोंद होणार, चौकशी होणार, कदाचित अटकही होईल. हे टाळता येत नाही आणि टाळलं जाऊही नये, कारण उद्या कुणी आपल्या शत्रूला घरी बोलावून मारलं आणि चोर होता म्हणून सांगितलं तर खरं-खोटं कसं करायचं? पण गुन्हा नोंदवला म्हणजे शिक्षा झाली असं नाही. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असते, तरी ती सरकारी पक्षाइतकी जड नाही. सरकारला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तुम्हाला तुमचं म्हणणं संभवनीय आहे एवढं दाखवावं लागतं. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची सूत्रं एकत्र मांडली आहेत. त्यात असंही आहे की आरोपीनं स्वतः स्वसंरक्षण म्हटलं नाही तरी पुराव्यातून ते दिसत असेल तर न्यायालयानं विचारात घ्यावं. त्या खटल्यातले आरोपी सुटले.

देव करो आणि वेळ न येवो, पण आलीच तर हे लक्षात ठेवा. पहिला फोन ११२ ला. दुसरा ॲम्ब्युलन्सला, जखमी चोरासाठीसुद्धा, कारण तो वाचला तर सगळ्यांचंच भलं आहे. घर पुसायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, उचकटलेला कोयंडा, कटावणी, सांडलेलं सामान, काही हलवायचं नाही. मृतदेह शेतात नेऊन टाकायचा सल्ला घाबरलेले नातेवाईक देतात. तसं केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो आणि खरं सांगितलेलंही मग कुणाला खरं वाटत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या जखमा सरकारी दवाखान्यात दाखवून नोंदवून घ्या, ओरखडासुद्धा. जबाबात घडलं तेच सांगा, ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं. आठवत नसेल ते आठवत नाही म्हणा, भर घालू नका. मुलींना शेजारणीकडे पाठवा, त्यांना चार माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

अटक झालेल्याला चौकशीच्या वेळी आपल्या वकिलाला भेटायचा हक्क आहे, तो यजमानांनी पहिल्याच दिवशी मागायचा. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मिळतो. म्हणजे तो यजमानांना मिळेल, आणि तुमची किंवा सासूबाईंची वेगळी फिर्याद चालवायची असेल तर तुम्हा दोघींनाही मिळेल.